गाव पाहावं भरतीला

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

डोंगरावरचं गाव पाहायला निघालेला माणूस आधी वाट विचारतो. पाण्यातलं गाव पाहायला निघालेल्या माणसानं आधी वेळ विचारावी. पाणी कधी चढतं, कधी उतरतं, होडी कधी सुटते, मासळी कधी येते, हे कळलं तर ते गाव कळतं. नाहीतर चार पूल, दोन देवळं आणि एक छायाचित्र एवढंच पदरात पडतं.

आज अशाच एका गावाबद्दल सांगायचं आहे. हे गाव इटालीत आहे, व्हेनिसच्या दक्षिणेला. नाव कियोज्जा. व्हेनिस साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याच खाजणाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या या गावाचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. मी राहतो काल्हेरला. भिवंडी तालुक्यातलं, उल्हास खाडीच्या काठचं हे गाव. समोरच्या काठावर ठाण्याचं कोलशेत आणि बाळकुम. त्यामुळे कियोज्जाबद्दल सांगताना काल्हेरची खाडी अधूनमधून डोकावणार. ती डोकावू दे. परक्या पाण्याचं मोल समजायला घरचं पाणी उपयोगी पडतं आणि घरच्या पाण्याचं मोल समजायला कधी कधी परकं पाणी पाहावं लागतं.

घरच्यांबरोबर मी युरोपच्या सहलीला गेलो होतो. व्हेनिसमध्ये एक दिवस मोकळा मिळाला. बाकीची मंडळी काचेच्या वस्तू पाहायला गेली आणि मी कियोज्जाची वाट धरली. जायचे रस्ते दोन. व्हेनिसच्या बस स्थानकावरून थेट बस मिळते. तासाभराचा प्रवास, पण पाणी थोडं दिसतं आणि गाड्याच जास्त. दुसरा रस्ता वेळ खाणारा, पण खरा. व्हेनिसहून बोटीनं लिडो बेटावर यायचं. तिथे ११ नंबरच्या बसमध्ये बसायचं. बेट संपतं तिथे ती बस प्रवाशांसकट फेरीबोटीवर चढते आणि पेलेस्त्रिना नावाच्या लांबट, अरुंद बेटावर उतरते. या बेटाच्या एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला शांत खाजण आणि मधे एका रस्त्याची वस्ती. बेटाच्या टोकाला पुन्हा बोट मिळते, ती कियोज्जाच्या धक्क्याला लावते. एका गावाला जायला बोट, बस, फेरीबोट आणि पुन्हा बोट! आपल्याकडे पूर्वी खाडीपलीकडे लग्नाला जाणारी वऱ्हाडं अशीच उतरत-चढत जायची.

धक्क्यावर पाय ठेवला की समोर एक दगडी खांब दिसतो. खांबावर सिंह आहे. पंख असलेला सिंह हे व्हेनिसच्या राज्याचं चिन्ह. जिथे जिथे व्हेनिसची सत्ता होती तिथे तो बसवलेला आढळतो. पण कियोज्जाचा सिंह अंगानं इतका लहान की शेजारपाजारचे लोक त्याला मांजर म्हणून चिडवतात. मोठ्या शहराच्या सावलीत राहणाऱ्या गावाला अशी थट्टा सोसावीच लागते. ठाणे, भिवंडी, कल्याणच्या माणसांना मुंबईकर काय म्हणतात, ते आपण जाणतोच.

गावाची रचना माशाच्या काट्यासारखी आहे. मधोमध एक रुंद हमरस्ता, त्याला समांतर वेना नावाचा कालवा आणि दोन्ही बाजूंना काटकोनात निघालेल्या बारीक गल्ल्या. माशाचा मधला काटा आणि बाजूचे काटे असतात ना, अगदी तसं. कालव्यावर लहान लहान पूल आहेत. धक्क्याजवळचा पांढऱ्या दगडाचा विगो पूल सर्वांत देखणा. कालव्याच्या दोन्ही कडांना होड्या बांधलेल्या. त्या शोभेच्या नाहीत. जाळी, पेट्या, दोरखंड, तेलाचे डाग, सगळं त्यांच्यावर दिसतं. कियोज्जा हे इटालीतल्या मोठ्या मच्छीमार बंदरांपैकी एक आहे. व्हेनिस पाहुण्यांवर जगतं. कियोज्जा अजून बऱ्याच अंशी मासळीवर जगतं.

म्हणून तिथे सकाळी पोहोचावं. हमरस्त्यावर १३२२ साली बांधलेलं धान्याचं जुनं कोठार आहे आणि त्याच्या पाठीमागे किरकोळ मासळीबाजार भरतो. सोमवारी बाजार बंद असतो, ते ध्यानात ठेवावं. लाल पडद्यांच्या सावलीत मांडलेली मासळी पाहिली आणि मी क्षणभर परदेशात आहे हे विसरलो. माकुल होती, कोलंबी होती, शिंपल्यांचे ढीग होते. विकणाऱ्या बहुतेक पुरुष मंडळींचा आवाज मात्र आपल्या कोळणींच्या तोडीचा. भाव करण्याची भाषा कुठेही कळते. कियोज्जाच्या लोकांच्या भांडखोरपणावर गोल्दोनी या नाटककारानं १७६२ मध्ये एक प्रहसनच लिहिलं. मच्छीमारांच्या बायकांची क्षुल्लक कारणावरून जुंपलेली भांडणं हाच त्याचा विषय, आणि आजही ते नाटक इटालीत रंगभूमीवर येतं.

आता एक साधा प्रश्न. तिथे घराची पायरी पाण्याला टेकते. दार उघडलं की होडी. आपल्या खाडीकाठी असं एकही गाव का नाही? आमच्या बापजाद्यांना पाण्याची भीती होती की कारागिरी नव्हती? दोन्ही नाही. उत्तर चंद्राकडे आहे.

भरती-ओहोटी सगळ्या समुद्रांना असते, पण तिचं माप सारखं नसतं. एड्रियाटिक समुद्राच्या वरच्या टोकाला, म्हणजे व्हेनिस-कियोज्जाकडे, उधाणाच्या दिवशीही भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक साधारण एक मीटर. कमरेएवढं पाणी चढतं आणि उतरतं. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला हाच फरक चार मीटरच्या आसपास जातो, म्हणजे एक मजला आणि वर थोडं. आता कल्पना करा, काल्हेरच्या खाडीत घराची पायरी बांधायची ती कुठे? भरतीच्या पातळीला बांधली तर ओहोटीला होडी चिखलात आणि पायरी डोक्यावर. ओहोटीच्या पातळीला बांधली तर दिवसातून दोनदा चूल पाण्यात. म्हणून आपल्या पूर्वजांनी शहाणपणानं गाव थोडं उंचावर, पाण्यापासून अंतर राखून वसवलं. मधे खाजण, तिवरं आणि मिठागरं ठेवली, आणि पाण्याला भेटायला एक जागा नेमून दिली. ती जागा म्हणजे बंदर. इटालीत कालव्याकाठचं प्रत्येक घर हेच बंदर होतं. आपल्याकडे गावाला मिळून एक बंदर. फरक एवढाच.

या भरतीची वेळ काढायचं गणित आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांच्या जिभेवर असायचं. तिथीला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आतबाहेर. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंद, तो भांग. खाडीत आत, काल्हेरकडे पाणी पोहोचायला किनाऱ्यापेक्षा अधिक वेळ लागतो, तेवढा हिशोब वर धरायचा. हिजरी महिनाही चंद्रावरच चालतो. त्यामुळे ईदचा चंद्र दिसला की खाडीला उधाण, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. पंचांग कुठलंही असो, पाणी एकाच चंद्राचं ऐकतं.

गंमत म्हणजे कियोज्जातही हेच वेड होतं. चौदाव्या शतकात याकोपो दोंदी नावाचा एक वैद्य तिथे नोकरीला होता. त्यानं भरती-ओहोटीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या मुलाचा, जिओवान्नीचा जन्म कियोज्जातला. त्यानं पुढे ग्रहांची गती दाखवणारं एक नामांकित घड्याळ तयार केलं. ते १३६४ साली पुरं झालं. कियोज्जाच्या संत आंद्रेआच्या मनोऱ्यातही एक जुनं यांत्रिक घड्याळ आहे. त्याचा उल्लेख १३८६ पासून सापडतो. जगातलं सर्वांत जुनं चालतं मनोरा-घड्याळ आमचंच, असं कियोज्जाकर सांगतात. इंग्लंडमधलं सॉल्झबरीही तोच मान मागतं. वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. आपण एवढंच पाहावं की, जिथे पाण्याची वेळ चुकली तर पोट मारलं जातं, अशा गावात एक माणूस भरतीवर ग्रंथ लिहितो आणि मनोऱ्यात घड्याळ बसतं.

काल्हेर आणि कियोज्जा यांच्यातला दुसरा धागा मिठाचा. मध्ययुगात कियोज्जाची श्रीमंती मिठागरांवर उभी होती. मासे खारवायला, मांस टिकवायला साऱ्या उत्तर इटालीला मीठ लागायचं आणि ते या खाजणातून जायचं. १३७९ मध्ये व्हेनिसचा वैरी जिनोआ यानं कियोज्जा जिंकून घेतलं. व्हेनिसनं दगडांनी भरलेली जहाजं वाटांवर बुडवून त्यांना आतच कोंडलं आणि १३८० च्या जूनमध्ये शरण आणलं. व्हेनिस वाचलं, पण कियोज्जा उद्ध्वस्त झालं आणि मिठागरांचं कंबरडं मोडलं. आमच्याकडे तर एका समाजाचं नावच मिठावरून पडलं आहे. आगर म्हणजे मिठागर, आणि ते पिकवणारे आगरी. काल्हेर हे मुळात आगऱ्यांचं गाव. सूर्य, वारा आणि भरती या तिघांना कामाला लावून मीठ काढण्याची विद्या दोन्हीकडे सारखीच.

तिसरा धागा मात्र ऐकून आश्चर्य वाटेल असा आहे. आपण आज इटालीला जातो आणि फोटो काढून आणतो. सातशे वर्षांपूर्वी इटालीची माणसं आपल्या खाडीकाठी येत होती आणि घरी जाऊन तिचं वर्णन सांगत होती.

व्हेनिसच्या मार्को पोलोच्या वृत्तान्तात तेराव्या शतकाच्या अखेरचं ठाणे आहे. इथून कातडी आणि सुती कापड परदेशी जातं असं त्यात म्हटलं आहे. चाच्यांशी राजाचं संगनमत आहे, लुटीतले घोडे तेवढे राजाला द्यायचे असा त्यांचा करार आहे, हीसुद्धा त्याची नोंद. त्या काळी घोडे समुद्रमार्गे अरबस्तानातून येत आणि आपल्या राजांना त्यांची केवढी निकड होती, ते यावरून कळतं.

त्यानंतर आला ओडोरिक. व्हेनिसच्या उत्तरेला नदीकाठी पोर्देनोने म्हणून गाव आहे, तिथला हा फ्रान्सिस्कन साधू. १३२० च्या दशकाच्या सुरुवातीला तो होर्मुझहून अठ्ठावीस दिवस प्रवास करून ठाण्याला उतरला. ज्या जहाजातून आला त्याला लोखंडाचा खिळा नव्हता. फळ्या दोऱ्यांनी शिवलेल्या. आपल्या पश्चिम समुद्रात अशीच गलबतं चालत. ठाण्यातले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि त्यांच्यापुढे मांजराचं काही चालत नाही, असंही तो सांगतो. भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी केलेला कुणीही हसून म्हणेल, बाबा, ती घूस!

ओडोरिकच्या वृत्तान्तातला एक भाग दुःखाचा आहे. त्याच्या आधी, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले होते. त्यातला एक पादुआचा, म्हणजे कियोज्जापासून फार दूरचा नव्हे. धर्मावरून वाद झाला आणि तिथल्या काझी व अधिकाऱ्याच्या पुढाकारानं त्यांचा जीव गेला. पुढे दिल्लीच्या सुलतानानं त्या अधिकाऱ्याला देहान्ताची शिक्षा दिली असं ओडोरिक म्हणतो. मी मुसलमान आहे म्हणून ही गोष्ट गाळून पुढे जाणं मला बरं दिसणार नाही. बंदराच्या गावात सर्व धर्मांची माणसं उतरतात. त्याच ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबं राहत होती, हिंदू होते, मुसलमान होते. एरवी व्यापारानं त्यांना एकत्र ठेवलं; एके दिवशी वादानं घात केला. ओडोरिकनं त्या चौघांच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि चीनपर्यंत नेल्या. १३३० मध्ये पादुआला परतल्यावर त्यानं हे सगळं लिहवून घेतलं.

सोळाव्या शतकात व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरीची आला. त्यानं ठाण्यातल्या विणकरांची नोंद केली. रेशमी आणि सुती कापड विणणारी माणसं इथे पुष्कळ आहेत, अशा अर्थाची. भिवंडीचे यंत्रमाग खूप नंतरचे, पण या खाडीकाठी मागाचा आवाज किती जुना आहे, ते एका व्हेनिसकरानं लिहून ठेवलं आहे.

माणसांबरोबर शब्दही फिरले. मी शब्दांच्या धंद्यातला माणूस, म्हणून मला ही बाजू जास्त भावते. इटालियन भाषेत गोदामाला ‘मागाद्झिनो’ म्हणतात. तो अरबी ‘मखझन’वरून आला, आणि त्याच धातूतून आपला ‘खजिना’ आला. म्हणजे काल्हेरच्या गोदामांच्या रांगा आणि राजाचा खजिना हे भाषेच्या नात्यानं सख्खे. जकातघराला इटालियनमध्ये ‘दोगाना’ म्हणतात. तो ‘दीवान’वरून, ज्यावरून आपला दिवाण आणि दिवाणखाना. व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या कारखान्याचं नाव ‘आर्सेनाले’. तेही अरबीतून, मूळ अर्थ उद्योगाचं घर. आपल्याकडचा ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’ म्हणजे जहाजाचा धनी, आणि ‘बंदर’ही फारसीच. खलाशांनी भाषा शिकवणीनं शिकल्या नाहीत. धक्क्यावर, घासाघीस करताना, वाऱ्याची वाट पाहताना शिकल्या.

एवढं सगळं सांगितल्यावर एक मुद्दा उरतो आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. कियोज्जाचं पाणी आजही वाहतं, ते आपोआप नव्हे.

खाजण म्हणजे समुद्र आणि नदी यांच्यातली उथळ जागा. नदी गाळ आणते. गाळ साचत गेला की खाजणाची दलदल होते, दलदलीचं शेत होतं आणि बंदर मरतं. एड्रियाटिकच्या काठावरची कित्येक जुनी बंदरं अशीच मेली; रावेन्ना हे त्यातलं नावाजलेलं. हे ओळखून व्हेनिसच्या राज्यानं अनेक शतकं खपून ब्रेंता, पियावे, सिले या नद्यांची तोंडं खाजणापासून दूर वळवली. ब्रेंता तर कियोज्जाच्या दक्षिणेला नेऊन समुद्रात सोडली. १५०१ मध्ये पाण्याचा कारभार पाहणारं स्वतंत्र खातं नेमलं. अठराव्या शतकात, १७४४ ते १७८२ या काळात, समुद्राच्या बाजूनं पांढऱ्या दगडांच्या प्रचंड भिंती बांधल्या. पेलेस्त्रिनाहून येताना त्या डाव्या हाताला लांबच लांब दिसतात.

तरीही ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी एवढं चढलं की व्हेनिसमध्ये ते नेहमीच्या पातळीच्या १९४ सेंटिमीटर वर गेलं आणि त्या दगडी भिंतीही जागोजागी फुटल्या. त्या धड्यातून खाजणाच्या तिन्ही तोंडांना लोखंडी झडपा बसवायची योजना निघाली. तिसरं तोंड कियोज्जाचं. एरवी या झडपा तळाशी निजलेल्या असतात. उधाण येणार असलं की त्यांच्यात हवा भरतात आणि त्या उभ्या राहतात. काम लांबलं, खर्च वाढला, २०१४ मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अटकाही झाल्या. अखेर ३ ऑक्टोबर २०२० रोजी या झडपांनी पहिल्यांदा उधाण अडवलं. कियोज्जाच्या वेना कालव्याच्या दोन टोकांना तर वेगळे छोटे दरवाजे आहेत, लहानसहान उधाणापासून जुनं गाव कोरडं ठेवण्यासाठी. तिथेही चुका होतात, पैसे खाल्ले जातात, भांडणं होतात. पण पाण्याकडे पाहायचंच नाही, असं त्यांनी ठरवलेलं नाही.

आता आपल्या खाडीकडे या. उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावते, कर्जत-बदलापूरवरून कल्याणला येते, तिथून खाडी होऊन काल्हेर, घोडबंदर करत वसईला समुद्राला मिळते. भिवंडीची कामवारी हिलाच येऊन मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत कल्याण बंदराचं नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. ठाणे ही शिलाहारांची राजधानी होती. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं याच पाण्यात उभी राहिली. काल्हेरजवळच्या अंजूर गावच्या नाईक घराण्यानं वसईच्या मोहिमेत मोठी कामगिरी बजावली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. इतिहासात कियोज्जापेक्षा आपण कुठेही उणे नाही.

मग पाठ फिरली कधी? १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल टाकून ती कल्याणला पोहोचली. माल रुळावर गेला आणि पडाव हळूहळू रिकामे झाले. रस्ते आले, ट्रक आले. मुंबईच्या जकातीबाहेर माल साठवायला सोयीची जागा म्हणून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली हा पट्टा गोदामांनी भरला. जकात २०१७ मध्ये गेली, गोदामं राहिली, वाढली. त्यांनी हजारो घरांत चूल पेटवली, हे विसरून चालणार नाही. पण गोदामाचं दार रस्त्याकडे असतं. खाडीच्या बाजूला भिंत, भराव आणि राडारोडा. खाडीतली रेती बांधकामांसाठी उपसली गेली, कारखान्यांचं पाणी वरून येत राहिलं, आणि जाळ्यात निवट्या, चिंबोऱ्या, बोयटं यायची ती कमी कमी होत गेली. २६ जुलै २००५ ला पाणी आपला जुना रस्ता शोधत घरांत शिरलं, तेव्हा आपण पुराला दोष दिला. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी उतरायला खाजणाची जागा लागते. ती आपण भरून टाकली होती.

आता पुन्हा पाण्याकडे वळायची बोलणी चालू झाली आहेत. २०१६ च्या कायद्यानं कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. पहिल्या टप्प्यातल्या धक्क्यांच्या आराखड्यात मीरा-भाईंदर, कोलशेत आणि डोंबिवलीबरोबर काल्हेरचंही नाव आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये माणसांना गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली. ही सुरुवात चांगली आहे. पण धक्का बांधणं हा सोपा भाग. गाळाचं काय, सांडपाण्याचं काय, तिवरांचं काय, या प्रश्नांची उत्तरं रोज, वर्षानुवर्षं द्यावी लागतात. पाचशे वर्षांपूर्वी व्हेनिसनं त्यासाठी खातं नेमलं होतं. धक्का नवा आणि पाणी काळं, अशी गत झाली तर बोटीत बसणार कोण?

म्हणून सांगतो, इटालीला जाण्याचा योग आला तर कियोज्जाला जरूर जा. सकाळी मासळीबाजार पाहा, दुपारी विगो पुलावरून होड्या पाहा, मनोऱ्यातलं घड्याळ पाहा. पण त्यासाठी थांबायचं कारण नाही. एखाद्या पौर्णिमेच्या जवळचा रविवार धरा. तिथीला पाऊणने गुणून वेळ काढा. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरून खाडीचं वळण पाहा. भिवंडीकडून काल्हेरला या आणि गोदामांच्या मागे, बंदरावर जाऊन उभे राहा. पुढे घोडबंदरचा किल्ला पाहा. भाईंदरहून बोटीनं वसईला उतरा आणि किल्ल्याच्या समुद्राकडच्या दरवाजातून आत शिरा. बरोबर मुलं असतील तर त्यांना भरती पाहू द्या, आणि जमलं तर सहा तासांनी तिथेच ओहोटीही दाखवा. चिखलात चालणारा निवट्या त्यांना दिसला, तर तो मासा जमिनीवर कसा चालतो, हे ती विचारतील. त्या प्रश्नाचं उत्तर घरी येऊन शोधा. खाडीची विचारपूस करणारी चार माणसं त्यातून वाढली, तर पुढच्या वेळी भरावाचा ट्रक खाजणात रिकामा होताना तो थांबवायला कुणीतरी पुढे येईल.